मानाजीअण्णांची पाहुणी

गेल्या महिन्यात मुलगा मला जे. पी. नगरमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्यावर झाकण धरलं आणि समोरच्या पाटीवरची शेवटची ओळ वाचायला सांगितली. मी घडाघडा वाचली. बाई म्हणाल्या, या वयात इतकं दिसतं म्हणजे कमाल आहे. मुलगाही खूश झाला. खरं सांगायचं तर त्या ओळीच्या जागी मला नुसता धुरकट पट्टा दिसत होता. माझ्या आधी आत गेलेल्या गृहस्थांनी ती ओळ तीनतीनदा मोठ्याने वाचली होती, दार उघडं होतं आणि ती अक्षरं माझ्या डोक्यात जाऊन बसली होती. रिक्षात बसल्यावर हे माझ्या लक्षात आलं आणि मानाजीअण्णांच्या आठवणीने मला रडू फुटलं. मुलाला वाटलं, म्हातारीला दवाखान्याचा ताण आला. मी त्याला तसंच वाटू दिलं.

मानाजीअण्णांनी आयुष्यात एकही तेजोमेघ आकाशात पाहिला नव्हता, आणि हे ते न लाजता सांगत. आमची संस्था लहान होती. दुर्बीण दूर दक्षिणेत एका डोंगरावर होती. तिथे रात्री काढलेल्या फोटोंच्या काचा लाकडी पेट्यांतून रेल्वेने बंगळूरला यायच्या आणि आम्ही त्या दिवसाढवळ्या, दहा ते पाच, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचो. अण्णा रात्री आठला झोपणारे गृहस्थ. तीस वर्षं त्यांनी ताऱ्यांचं काम केलं, पण डोंगरावर एकदाही गेले नाहीत. "तिथे थंडी असते म्हणून सांगतात," एवढंच म्हणायचे.

मी तिथे आले ती पन्नासच्या दशकाच्या मध्यावर. माझे यजमान विमानांच्या कारखान्यात इंजिनियर, मी साताऱ्याची बी. एस्सी., आणि घरात बसून करण्यासारखं मला काही येत नव्हतं. गणक म्हणून जागा मिळाली. पहिल्या दिवशी कोणीतरी मला मोजणीच्या खोलीच्या दारात सोडून गेलं. आत बंद गळ्याचा कोट घातलेले, धोतर नेसलेले एक उंच, वाळके गृहस्थ कोपऱ्यातल्या नळाखाली शिकेकाईने हात धूत होते. खुंटीवर म्हैसुरी पेटा, म्हणजे इकडचा फेटा, टांगलेला. त्यांनी हात धुतले, कोरडे केले, हुंगून पाहिले, आणि मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "स्वल्प थांबा, अक्का. बसा की."

माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणाला, तेव्हा मला हसू आलं होतं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी लष्कराबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन राहिले. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कानडी इतकं मुरलं होतं की सुरुवातीला मला त्यांच्या दोन वाक्यांतलं एक कळायचं. ऑफिसच्या कागदांवर ते एम. राव होते. मोजणीच्या खोलीत मानाजीअण्णा.

त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली आणि मी सपशेल नापास झाले.

इथे कामाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. म्हातारा तारा आपल्या अंगावरचा वायू बाहेर टाकतो आणि तो वायू त्याच्याभोवती चमकत राहतो. लहान दुर्बिणीतून तो ग्रहासारखा वाटोळा दिसला म्हणून त्याला ग्रहीय तेजोमेघ असं ग्रहांचं नाव चिकटलं. ग्रहाशी त्याचा काडीचा संबंध नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातला प्रकार. या वायूचा प्रकाश पसरून पाहिला तर सगळे रंग मिळत नाहीत, मोजक्याच रेषा मिळतात. काचेवर त्या काळ्या उमटतात. अण्णांनी त्यांना घरगुती नावं दिली होती. हिरव्या भागातल्या प्राणवायूच्या दोन ठळक रेषा म्हणजे थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. त्या नेहमी जोडीने असायच्या आणि थोरली धाकटीच्या तिप्पट गडद. जांभळ्या भागात हायड्रोजनच्या एका रेषेच्या शेजारी प्राणवायूचीच आणखी एक फिकट रेषा कधी असायची, कधी नसायची. ती पाहुणी. सगळं महत्त्व तिला. जावांच्या मानाने पाहुणी किती गडद आहे, यावरून त्या वायूचं तापमान काढता येतं. वायू फार तापलेला असेल तरच ती उठून दिसते.

अण्णांनी मला एक काच दिली, रेषांची छापील यादी दिली आणि म्हणाले, मोजा. मी डोळा लावून, स्क्रू फिरवून, एकेका रेषेवर बारीक तार आणून आकडे लिहिले. यादीत अकरा रेषा होत्या, मी अकरा मोजल्या. पाहुणी जरा दमवत होती, पण मोठ्या चिकाटीने मी तीही शोधली. अण्णांनी माझा कागद पाहिला.

"ही पाहुणी. दिसली, की आठवली?"

"दिसली," मी म्हटलं.

"परत बघा की."

मी परत पाहिलं. नव्हती. तिथे साधी, स्वच्छ काच होती. यादीत नाव होतं, जागा ठाऊक होती, म्हणून माझ्या डोळ्याने ती तयार केली होती. माझा चेहरा पडला तसे अण्णा हसले. ती काच त्यांची परीक्षेची काच होती. एका कोपऱ्याचा टवका उडालेली, कपाटात खाली वेगळी ठेवलेली. येणाऱ्या प्रत्येकाला ते ती द्यायचे, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे आजवर सगळ्यांना तिच्यात पाहुणी दिसली होती.

"दिसतंय ते सांगायचं, अक्का. असायला पाहिजे ते देवघरात ठेवायचं."

हे वाक्य मी नंतरच्या सात-आठ वर्षांत शेकडो वेळा ऐकलं. कधीकधी वैतागही यायचा. त्यांचं दुसरं वाक्य होतं, "दुसरा डोळा मिटायचा नाही, त्याला गप्प बसवायचं." सूक्ष्मदर्शकाला उजवा डोळा लावून ते डावा सताड उघडा ठेवायचे. समोर कोणी येऊन उभं राहिलं तरी त्या डोळ्याला ते दिसत नसे. मला हे जमायला वर्ष लागलं.

त्यांची मोजायची रीत म्हणजे सोवळंच होतं. प्रत्येक काच दोनदा मोजायची. एकदा सरळ, एकदा डावी बाजू उजवीकडे फिरवून. कारण माणसाचा हात थोडा एका बाजूला ओढतो; काच फिरवली की तीच चूक उलट्या दिशेला होते आणि सरासरीत निघून जाते. ते आकडा बोलायचे, मी लिहायची. सरळ बाजू झाली की ते पान मी दुमडून टाचणीने बंद करायची. उलट बाजू मोजून होईपर्यंत ते उघडायचं नाही, त्यांनीही नाही, मीही नाही. मग दोन्ही आकडे मिळवायचे. प्रत्येक रेषेची बेरीज सारखी यायला हवी. सारखी म्हणजे साधारण सारखी. शेवटच्या आकड्यात तीन-चारचा फरक राहायचाच. एकदा मी स्वतः मोजलेल्या काचेच्या सगळ्या बेरजा तंतोतंत जुळल्या तेव्हा मी आनंदाने त्यांना दाखवायला गेले. त्यांनी ते पान फाडून टाकलं.

"फरक नाही म्हणजे कोणीतरी खोटं बोलतंय. यंत्र नाही बोलत."

मी टाचलेलं पान बघून मोजलं होतं, हे त्यांनी असं ओळखलं.

आणि कॉफी. बंगळूरच्या माणसाला सकाळी अकराला कॉफी लागते, अण्णांना तर जरा जास्तच. बायको गंगक्का पितळेच्या फिरकीच्या डब्यातून ती बांधून द्यायची. पण काचेच्या दोन्ही बाजू मोजून झाल्याशिवाय ते डब्याला हात लावत नसत. कॉफीने हाताची नाडी उडते, असं कारण सांगायचे. मला वाटतं कारण ते नव्हतंच. काम अर्धं असताना कॉफी प्यायची नाही, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. एखादी काच अवघड निघाली तर दुपारचे दोन वाजायचे आणि डबा थंडगार होऊन पडलेला असायचा. मग तीच थंड कॉफी ते चवीने प्यायचे.

आमचे मुख्य परदेशात शिकून आलेले होते. सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत. हुशार माणूस, वाईट मुळीच नाही. त्यांनी एका तेजोमेघाबद्दल आधीच भाकीत केलं होतं की तो अतिशय तप्त असणार. म्हणजे पाहुणी ठळक हवी. काच आली, अण्णांनी मोजली, पाहुणी नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा मोजायला लावली. नाही. तिसऱ्यांदा ते स्वतः येऊन शेजारी उभे राहिले. इंग्रजीत म्हणाले, नीट पाहा राव, अगदी फिकट का होईना, असेल. अण्णांनी बराच वेळ पाहिलं. मग डोळा काढून त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, "पाहुणी आली नाही, सर. आली नाही तर ताट कसं वाढायचं?" पाहुणी म्हणजे काय, हे मला डॉक्टरांना समजावून सांगावं लागलं.

डॉक्टर आठ महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. वरची जागा रिकामी झाली ती नव्या मुलाला मिळाली. पुढे डोंगरावरून त्याच तेजोमेघाची जास्त वेळ प्रकाश घेतलेली काच आली. तिच्यातही पाहुणी नव्हती. डॉक्टरांनी लेख बदलला. तो छापून आला तेव्हा शेवटी आभारात दुर्बीण चालवणाऱ्याचं नाव होतं, काचा धुणाऱ्याचंही होतं. अण्णांचं नव्हतं. मी चिडले. अण्णा फक्त म्हणाले, "आकडा बरोबर छापलाय की? सरी." सरी म्हणजे ठीक. त्यांचा हा शब्द राग, आनंद, कंटाळा सगळ्याला चालायचा.

त्या माणसाला मोजण्यापलीकडे काही नव्हतं. मूलबाळ नाही. चामराजपेटेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी गौरीच्या हळदीकुंकवाला जायची. गंगक्का ठेंगणी, बोलकी बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने एकदा नवऱ्याला विचारलं होतं म्हणे, दिवसभर त्या नळीत काय बघता? तर म्हणाले, मरणाऱ्या ताऱ्याचा धूर. तिने देवापुढे हात जोडले आणि पुन्हा विचारलं नाही.

पहिली शंका मला त्याच घरात आली. अण्णा माझ्यासाठी कॉफी ओतत होते आणि त्यांनी पेल्याच्या काठावर बोट आत वाकवून धरलं होतं. कॉफी बोटाला लागली तेव्हा थांबले. मी गंगक्काकडे पाहिलं. तिने नजर चुकवली. मी निघताना ती मागोमाग जिन्यापर्यंत आली.

"डोळ्यावर पडदा आलाय म्हणून सांगितलं वैद्यानं. दोन्ही. ऑपरेशन करा म्हणतात, हे ऐकत नाहीत. मामंजींचा डोळा ऑपरेशनमध्येच गेला ना. तू ऑफिसात बोलू नको ग बाई. मला शपथ घातलीय त्यांनी."

"मग ऑफिसात काय करायचं ठरवलंय त्यांनी?"

"तेच विचारलं मी. तर म्हणाले, डोळे जाऊ देत, काच हातातून गेली तर मी कुठं जाऊ?"

मी तिला शब्द दिला. अळीमिळी गुपचिळी.

मग एकेक गोष्ट दिसू लागली, जी माझ्यासमोरच घडत होती आणि मी पाहिली नव्हती. उजव्याऐवजी ते डावा डोळा लावू लागले होते. "तुमचा हात हलका आहे" म्हणून काचा यंत्रावर लावायचं काम मला दिलं होतं. तीस वर्षं त्या कामाला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. स्क्रूच्या चाकावरचे मोठे आकडे ते भिंगातून, खिडकीच्या उजेडात वाचायचे. तेवढं अजून जमत होतं.

आणि वहीत एक गोष्ट होती. ठळक रेषांच्या बेरजांत नेहमीसारखा तीन-चारचा फरक होता. पण फिकट रेषांच्या बेरजा तंतोतंत जुळत होत्या. मी मागची पानं काढून पाहिली. सात-आठ महिन्यांपासून तसंच होतं. अर्थ सरळ होता. जावा आणि हायड्रोजनच्या जाड रेषा त्यांना दिसत होत्या. बाकीच्या कुठे असायला हव्यात हे त्यांना पाठ होतं, आणि सरळ बाजूच्या आकड्यावरून उलट बाजूचा आकडा ते मनातल्या मनात काढत होते. ज्या माणसाने माझं पान फाडलं होतं, तो हे करत होता.

ते जाणूनबुजून खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मला त्या पहिल्या दिवशी पाहुणी खरोखर दिसली होती. त्यांनाही दिसत असणार.

नेमकी त्याच वेळी डॉक्टरांची मोठी घाई चालली होती. सात तेजोमेघांची तापमानं काढून लेख परदेशी पाठवायचा होता. सात काचा, आणि अण्णांनी सातही काचांत पाहुणी सांगितली. गडदपणाला ते नजरेने मार्क द्यायचे, तिला कधी दोन दिले, कधी तीन. त्या आकड्यांवरून तापमानं निघाली, लेख टाइप झाला, पाठवलाही गेला. मी तोंडात मूग धरून बसले होते. गंगक्काला दिलेला शब्द हे कारण मी स्वतःला सांगत होते. खरं कारण असं की अण्णांसमोर उभं राहून हे बोलायची माझी छाती नव्हती.

म्हणून मी भ्याड माणसं करतात ते केलं. एका सकाळी नव्या पेटीतली काच म्हणून मी टवका उडालेली काच यंत्रावर लावली.

अण्णांनी हात धुतले, हुंगले, पेटा खुंटीला लावला आणि बसले. "सरी. लिहा." थोरली जाऊ. धाकटी जाऊ. हायड्रोजन. आकडे सावकाश येत होते, मी लिहीत होते. मनात म्हणत होते, पाहुणीपाशी थांबा, नाही म्हणा, एकदा नाही म्हणा. त्यांनी स्क्रू फिरवला, थोडा मागे घेतला, पुन्हा पुढे नेला, अगदी पूर्वी करायचे तसा. भिंगातून चाक वाचलं आणि आकडा सांगितला.

"गडदपणा दोन," असंही म्हणाले.

माझी पेन्सिल चालली नाही. कागदावर टेकली होती, पण चालली नाही.

"लिहिलं नाहीत, अक्का?"

त्यांनी डोळा काढला. मग उजवा हात पुढे करून, काचेला बोट लावायचं नाही हा आपलाच नियम मोडून, त्यांनी काचेची कड चाचपली. बोट कडेकडेने गेलं आणि टवक्यापाशी थांबलं. तिथेच राहिलं.

"विचारा की," ते म्हणाले.

"अण्णा, नको."

"नाही, विचारा. सगळ्यांना विचारतो मी."

बाहेर शिपाई कोणाशी तरी कानडीत हुज्जत घालत होता, ते ऐकू येत होतं. अण्णा स्वतःच म्हणाले, "आठवली."

मग त्यांनी मला वही मागे उलटायला लावली आणि त्यांना कधीपासून कमी दिसत होतं तो महिना सांगितला. त्या महिन्यापासूनच्या प्रत्येक पानावर माझ्याकडून आडवी रेघ मारून घेतली. मी रडत होते म्हणून रेघा वाकड्या येत होत्या. ते म्हणाले, चालतं. पेटा घालून ते डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि मला दार उघडायला सोबत नेलं, म्हणून पुढचं मी ऐकलं.

त्यांनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. शेवटी म्हणाले, लेख परत मागवा, काचा अक्का मोजतील. डॉक्टर म्हणाले, लेख स्वीकारला गेला आहे, छपाईला गेला आहे. पाहू. आधी तुम्ही डोळ्यांचं पाहा.

"दुरुस्ती तरी छापा, सर."

"दुरुस्तीत लिहू काय? आमचा मोजणारा आंधळा होता म्हणून?"

"होय. तसंच लिहा," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. खुंटी रिकामी राहिली. मी सातही काचा मोजल्या, दोन्ही बाजूंनी, पान टाचून. चार काचांत पाहुणी होती. तीन काचांत नव्हती. म्हणजे तीन तेजोमेघांची तापमानं चुकीची होती. तो तक्ता मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. आठवड्याने विचारलं, महिन्याने विचारलं. शेवटी ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मिसेस कुलकर्णी, त्यांनी तीस वर्षं इथे काढली. दुरुस्ती छापली तर लोक त्यांची हीच एक गोष्ट लक्षात ठेवतील. तुम्हाला तसं हवंय?"

ज्या माणसाचं नाव कधी कुठे छापलं नव्हतं, त्याची अब्रू राखण्यासाठी दुरुस्ती छापायची नाही असं ठरलं. मी त्या खोलीतून बाहेर आले आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. राजीनामा दिला नाही, भांडले नाही. पुढे आणखी कितीतरी वर्षं मी तिथे नोकरी केली. हे मला सांगून टाकायला हवं.

चामराजपेटेला जायचं मी टाळत राहिले. दीड वर्ष गेलं. मग गंगक्काचा निरोप आला, हे तुझी सारखी आठवण काढतात. एका रविवारी सकाळी गेले.

अण्णा पुढच्या खोलीत लाकडी खुर्चीत बसले होते. धोतर स्वच्छ, दाढी केलेली. ऑपरेशन त्यांनी करून घेतलं नव्हतं. दोन्ही डोळे सताड उघडे होते आणि दोन्हींत राखाडी दूध साचल्यासारखं झालं होतं. माझी चप्पल ऐकूनच म्हणाले, "या अक्का."

मी यजमानांची, मुलाची खुशाली सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गंगक्का कॉफी करायला आत गेली तेव्हा त्यांनी खुर्ची थोडी पुढे सरकवली.

"त्या सात काचा मोजल्यात?"

"मोजल्या, अण्णा. चारांत पाहुणी आहे. तीनांत नाही."

"तीन." त्यांनी तीन बोटं मुडपली. "बेरजांत फरक किती?"

"कुठे तीन, कुठे चार. एका ठिकाणी सहा."

त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. मला वाटलं, इथेच उठावं आणि घरी जावं.

"मग दुरुस्ती छापून आली की?"

मी त्या आंधळ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तीन तेजोमेघ, एवढंच त्या माणसाच्या डोक्यावर ओझं होतं, आणि ते एका शब्दात उतरणार होतं.

"आली," मी म्हटलं.

गंगक्काने दोन पेले आणून ठेवले आणि ती परत आत गेली. अण्णांनी वास घेतला, पण हात पुढे केला नाही. त्यांनी तोंड माझ्या दिशेने वळवलं.

"तुम्ही बघितलीत, अक्का? दिसली, की असायला पाहिजे होती?"

मी पेला उचलला आणि परत खाली ठेवला. समोरच्या घरात कोणीतरी तांदूळ पाखडत होतं, त्या सुपाचा आवाज येत होता.

"सरी," अण्णा म्हणाले. "प्या, अक्का. निवते."

मी प्यायले. काय प्यायले ते कळलं नाही. नमस्कार केला, पुन्हा येईन म्हटलं. दारात वळून पाहिलं तर अण्णा तसेच ताठ बसले होते, आणि त्यांच्या हातापाशी त्यांचा पेला काठोकाठ भरलेला होता. त्यांनी त्याला हात लावला नव्हता.